फोन वर्गात न्यायचाय? मग आधी रेकॉर्डर उघडा

दरवर्षी आमच्या केंद्रात, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटात, दोन-तीन तरी नवीन शिक्षक येतात, पवित्र पोर्टल या सरकारी शिक्षकभरतीच्या वेबसाइटवरून निवड झालेले, शिक्षण सेवक म्हणजे सुरुवातीला मानधनावर लागलेले, आणि पहिल्याच शिक्षण परिषदेत, म्हणजे केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत, चहा घेता घेता विचारतात की मॅडम तुम्ही वर्गात फोन कसा वापरता, कोणतं ॲप चांगलं, टीव्ही घ्यावा का. प्रत्येकाला सांगता सांगता अर्धं राहून जातं म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते. मी पाटण तालुक्यात डोंगरातल्या एका वाडीवर द्विशिक्षकी शाळेत नऊ वर्षं होते, आता खाली पहिली ते सातवीच्या शाळेवर आहे, म्हणजे रेंज नसलेली शाळा पण बघितलीय आणि रेंज असलेली पण. तुमची शाळा शहरात असली तरी बरंचसं लागू पडेल.

सुरुवातीची दोन वर्षं मी फोन फक्त दाखवायला वापरला. कवितेचे व्हिडिओ, बेरजेचे व्हिडिओ, गोष्टींचे व्हिडिओ. मुलं एकदम शांत बसायची, मला वाटायचं चाललंय छान. दुसऱ्या दिवशी विचारलं की व्हिडिओतला हत्ती कसा नाचत होता ते सगळ्यांना आठवायचं आणि कवितेची दुसरी ओळ कुणालाच नाही. मग एकदा सहज म्हणून तिसरीतल्या एका मुलीचं वाचन रेकॉर्ड केलं आणि तिलाच ऐकवलं. ती अडखळत, शब्द तोडून वाचायची, "पा… वसा… त" असं. मी वर्षभर सांगत होते की सलग वाच, काही फरक नव्हता. तिनं स्वतःचा आवाज ऐकला, गप्प झाली, आणि म्हणाली "मॅडम परत घ्या, मी नीट वाचते." मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून तोच परिच्छेद तिनं पाच वेळा वाचला, कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून माझा हिशोब असा झाला की वर्गात फोन दाखवायला कमी वापरायचा आणि टिपायला जास्त. मुलांचं वाचन, लिहिणं, बोलणं, प्रयोग टिपायचे आणि त्यांचं त्यांनाच परत दाखवायचे. खालचं सगळं त्याच धाग्यानं लिहिलंय.

आधी फोनची तयारी

नवीन फोन घेऊ नका. पहिला पगार झाला की मोह होतो पण खरंच गरज नाही, घरात कुणाचा तरी जुना अँड्रॉइड पडलेला असतोच, काच तडकलेली असली तरी चालते, कॅमेरा आणि माईक चालू पाहिजे बस. त्याला सिम घालायचं नाही, मेमरी कार्ड घालायचं आणि तो शाळेचा फोन म्हणून कपाटात ठेवायचा. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र तो फोन अजिबात वापरू नका, मुलांच्या हातात तर मुळीच नाही.

जुना फोन नाहीच मिळाला आणि स्वतःचाच द्यायचा असेल तर दोन गोष्टी केल्याशिवाय देऊ नका. एक, विमान मोड चालू करा. माझ्या बाबतीत झालंय, मुलगा रंगात येऊन गोष्ट सांगतोय, रेकॉर्डिंग चालू आहे, आणि मध्येच फोन वाजला, रेकॉर्डिंग तुटलं, मुलगा पण तुटला, परत तशी गोष्ट त्यानं सांगितलीच नाही. दुसरं म्हणजे ॲप पिन करायचं. सेटिंगमध्ये सिक्युरिटीत जाऊन ॲप पिनिंग असं काहीतरी दिसेल, कंपनीप्रमाणे नाव थोडं वेगळं असतं, सर्चमध्ये पिन टाकलं की सापडतं. ते चालू केलं की जे ॲप उघडून दिलंय त्याच्या बाहेर मूल जाऊ शकत नाही, तुमची गॅलरी, तुमचे मेसेज, बँकेचं ॲप सगळं बंद. बाहेर पडताना पासवर्ड विचारेल तो पर्याय पण तिथंच चालू करा, कारण नुसतं पिन कसं काढायचं ते मुलं पंधरा मिनिटांत शोधतात.

मग मेमरी कार्डात फोल्डर बनवा. वाचन, वह्या, प्रयोग, पुस्तकं, बस चार पुरेत. फाईलला नाव देताना आधी इयत्ता मग हजेरी क्रमांक मग महिना, उदाहरणार्थ "३-१२-जुलै". मुलाचं पूर्ण नाव टाकू नका, का ते पुढं सांगते. हे नाव देण्याचं काम कंटाळवाणं आहे पण केलं नाही तर दिवाळीपर्यंत तीनशे रेकॉर्डिंग होतात आणि कुणाचं कुठलं ते देवाला ठाऊक.

घरून भरून न्यायचं सामान

डोंगरात रेंज नसते आणि जिथं असते तिथं पण नेमकं तासाच्या वेळी गोल फिरत राहतं, वीस मुलं तुमच्याकडं बघत बसतात आणि तास गेला. म्हणून नियम असा की वर्गात नेट लागेल असं धरायचंच नाही. शनिवार-रविवारी घरी किंवा तालुक्याच्या गावी असताना पुढच्या आठवड्याचं सगळं उतरवून घ्यायचं.

काय उतरवायचं? पहिलं बालभारतीची पुस्तकं, त्यांच्या वेबसाइटवर सगळ्या इयत्तांच्या पीडीएफ फुकट आहेत, इतर माध्यमांची पण, म्हणजे शाळेत एखादं मूल कर्नाटकातून आलेलं असेल तर त्याच धड्याचं कन्नड पान शेजारी उघडून देता येतं. दुसरं दीक्षा ॲप, केंद्र सरकारचं, शालेय अभ्यासाचं. २०१७ साली हे सुरू झालं आणि आपल्या पुस्तकांवर जे क्यूआर कोड आहेत ते यानंच उघडतात. नवीन शिक्षक हमखास तक्रार करतात की कोड स्कॅन होत नाही, पुस्तक जुनं झालंय, पान चुरगळलंय. तर कोडच्या खाली सहा अक्षरांचा कोड छापलेला असतो, तो ॲपमध्ये टाईप केला तरी तेच उघडतं. आणि उघडलं की तिथंच डाउनलोडचं बटण आहे, ते दाबून ठेवा म्हणजे वाडीवर नेट नसताना पण चालतं. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडचा विषय निघाला की माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव निघतंच, २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालेले आणि बक्षिसाची निम्मी रक्कम बाकीच्या नऊ अंतिम स्पर्धकांत वाटलेले, त्यांनी पुस्तकांत क्यूआर कोड घालायचं हे काम एका छोट्या जिल्हा परिषद शाळेतून केलं. माझी शाळा लहान आहे, माझ्याकडं काय होणार असं वाटेल तेव्हा परितेवाडी नकाशावर शोधून बघा.

तिसरं स्टोरीवीव्हर, ही गोष्टींची वेबसाइट, मुलांची पुस्तकं काढणाऱ्या प्रथम बुक्स संस्थेची, २०१५ पासून आहे. मराठीत भरपूर गोष्टी आहेत, पातळीप्रमाणे लावलेल्या, आणि परवाना खुला आहे म्हणजे उतरवून घ्या, झेरॉक्स काढा, वाटा, कुणी अडवत नाही. चौथं किविक्स नावाचं ॲप, त्यात अख्खा मराठी विकिपीडिया उतरवून नेटशिवाय वाचता येतो. सहावी-सातवीच्या मुलांना प्रकल्पाला हे सोन्यासारखं आहे. पाचवं रीड अलाँग, गूगलचं, २०१९ ला बोलो नावानं आलं होतं, त्यात मूल मोठ्यानं वाचतं आणि दिया नावाचं पात्र ऐकून चूक दाखवतं, मराठी गोष्टी आहेत आणि एकदा उतरवल्या की नेट लागत नाही. चांगलं आहे, पण आपल्या मुलांची बोली त्याला कधीकधी कळत नाही आणि बरोबर वाचलेलं पण चूक धरतं, अशा वेळी मूल हिरमुसतं, तर पहिले काही दिवस शेजारी बसा.

यापेक्षा जास्त ॲप सुरुवातीला घेऊ नका. ॲपची यादी मागणारे शिक्षक मी खूप बघितलेत, तीस-तीस ॲप टाकतात आणि एक पण धड वापरत नाहीत.

पहिला महिना: फक्त आवाज

पहिल्या महिन्यात दुसरं काहीही करू नका, फक्त वाचन रेकॉर्ड करा. कसं ते सांगते.

फोनमधला साधा रेकॉर्डर उघडायचा. जागा शांत पाहिजे, वर्गात पत्र्यावर पाऊस वाजत असेल तर काही ऐकू येत नाही, मी पुस्तकांच्या कपाटाआड कोपरा केला होता, खाली सतरंजी, कारण फरशीवर आवाज घुमतो. फोन मुलाच्या हातात द्यायचा नाही, समोर एक वीतभर अंतरावर वहीवर ठेवायचा. हातात दिला की मूल फोनकडं बघतं, पुस्तकाकडं नाही. एक मिनिट मोजून वाचायला लावायचं, त्याच्या पातळीचा उतारा, आधी न वाचलेला. मिनिट झालं की थांब म्हणायचं आणि लगेच ऐकवायचं. हे लगेच फार महत्त्वाचं आहे, उद्या ऐकवलं तर त्यातली जान जाते. ऐकवताना तुम्ही काही बोलू नका. खरंच, एक शब्द पण नाही. मुलाच्या बोटाला पुस्तकातल्या ओळीवर फिरू द्या. चूक त्याची त्यालाच सापडते आणि तो तुमच्याकडं बघून हसतो किंवा मान खाली घालतो, तेव्हा फक्त विचारा, परत घेऊया का?

पहिल्यांदा बहुतेक मुलं म्हणतात हा माझा आवाज नाहीच. आपण बोलताना आपला आवाज कवटीच्या हाडांतून पण कानात पोचतो म्हणून आतून तो भारदस्त लागतो आणि रेकॉर्डिंगमध्ये फक्त हवेतून आलेला ऐकू येतो म्हणून परका वाटतो. हे मुलांना सांगून टाका, दोन्ही कानांत बोटं घालून बोलायला लावा म्हणजे लगेच पटतं, नाहीतर लाजरी मुलं दुसऱ्यांदा वाचायलाच तयार होत नाहीत.

मिनिटात किती शब्द बरोबर वाचले ते नंतर निवांत घरी ऐकून मोजा. निपुण भारत या केंद्र सरकारच्या पायाभूत वाचन-गणिताच्या मोहिमेत दुसरीला मिनिटाला ४५ ते ६० शब्द आणि तिसरीला निदान ६० शब्द, अर्थ समजून, असं धरलंय. आकडा तुमच्यासाठी आहे, मुलांना सांगू नका, सांगितला की मुलं धावत सुटतात आणि पूर्णविराम खाऊन टाकतात. मुलांना फक्त जूनचं रेकॉर्डिंग ऑगस्टमध्ये ऐकवा. जूनचा स्वतःचा आवाज ऐकून त्यांना जो आनंद होतो तो कुठल्याही शेऱ्यानं होत नाही.

वीस मुलं असतील तर रोज चार, आठवड्यात सगळी होतात, परिपाठानंतर दहा-पंधरा मिनिटं लागतात. साठ मुलांचा वर्ग असेल तर मोठ्या मुलांना रेकॉर्डिंग शिकवा, सातवीची मुलगी दुसरीच्या पोराचं वाचन घेते हे काम तुमच्यापेक्षा चांगलं होतं, कारण पोरगं तिच्यापुढं घाबरत नाही.

आवाजाचंच आणखी एक, कीबोर्डवर माईकचं चिन्ह असतं, भाषा मराठी करून त्यावर बोललं की फोन टाईप करतो. याला मात्र नेट लागतं. मुलांना आपली गोष्ट बोलायला लावा आणि फोननं काय लिहिलं ते फळ्यावर उतरवा. बोलीतले शब्द फोन हमखास चुकीचे लिहितो, मग मुलांना ते दुरुस्त करायला द्या. ज्या मुलाला शुद्धलेखनाचा कंटाळा आहे ते मूल फोनची चूक काढायला जीव लावून बसतं.

मग कॅमेरा

कॅमेरा म्हटलं की सगळे उपक्रमाचा फोटो काढतात, वरून मागितला की पाठवायला. तो काढावाच लागतो, पण शिकवायला कॅमेरा वेगळ्या पद्धतीनं वापरायचा.

आमच्याकडं पहिलीतला एक मुलगा ४ हा अंक लिहायचा, दिसायला बरोबर, पण इतका हळू की बाकीची मुलं दहा गणितं करायची तोवर याची दोन. वही बघून मला काही कळेना. मग त्याच्या हाताचा व्हिडिओ काढला, पुस्तकांच्या दोन चळती, वर आडवी पट्टी, पट्टीवर फोन, कॅमेरा खाली वहीकडं. घरी हळू करून बघितला तर तो अंक खालून वर काढत होता, खालची गाठ आधी मग वरच्या दोन रेघा वेगवेगळ्या, तीनदा पेन्सिल उचलत होता. वहीत पूर्ण झालेलं अक्षर दिसतं, ते कसं झालं ते दिसत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्यासोबत बसून व्हिडिओ बघितला, वाळूत बोटानं गिरवून घेतलं, आठवड्यात हात वळला. ज्या मुलाचं अक्षर किंवा वेग अडलाय त्याच्या हाताचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढाच, तुम्हाला नवीन काहीतरी दिसेल.

तसंच भागाकाराचं. गणित सोडवताना मुलाला मोठ्यानं बोलायला सांगा आणि कॅमेरा फक्त वहीवर ठेवा, चेहरा नको. "सातानं तेविसाला, सात त्रिक एकवीस, उरले दोन" असं बोलत बोलत जिथं चूक होते ती जागा ऐकू येते. उत्तर चुकलंय एवढं तर तपासताना कळतंच, कुठं घसरलं ते असं कळतं.

मोड येणाऱ्या मटकीचा प्रयोग सगळे करतात. यात फोन असा घाला की खिडकीत वाटी ठेवायची, फोन जिथं ठेवतो तिथं फरशीवर खडूनं चौकोन आखायचा, वाटीभोवती पण गोल आखायचा, आणि प्रत्येक तासाची घंटा झाली की ठरलेल्या मुलानं त्याच चौकोनात फोन ठेवून एक फोटो काढायचा. दोन-तीन दिवसांत वीसेक फोटो होतात. मग गॅलरीत बोटानं भराभर सरकवले की मोड हलताना दिसतो. यात खडूचा चौकोन हाच सगळा जीव आहे, तो नसला की प्रत्येक फोटो वेगळ्या कोनातून येतो आणि काही कळत नाही. मुलांना कळतं की निरीक्षण म्हणजे जागा, वेळ न बदलता बघणं, हे मी शब्दांनी कितीदा सांगितलं असतं तरी पोचलं नसतं.

टीव्हीचा रिमोट आणा. बटण दाबून पुढच्या छोट्या दिव्याकडं बघा, काही दिसत नाही. आता फोनच्या कॅमेऱ्यातून बघा, दिवा जांभळट लुकलुकतो. मागच्या कॅमेऱ्यातून नाही दिसला तर सेल्फीच्या कॅमेऱ्यातून बघा, मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा तो प्रकाश अडवणारी काच असते. डोळ्याला न दिसणारा प्रकाश असतो हे मुलांनी स्वतः बघितलं की अवरक्त किरण हा शब्द परत शिकवावा लागत नाही.

रानभाज्या आणि झाडं ओळखायला गूगल लेन्स हे कॅमेऱ्यातून वस्तू ओळखणारं ॲप वापरता येतं, पण एक करा. आधी मुलांना घरी आजीला नाव विचारून यायला सांगा, मग लेन्सनं काय सांगितलं ते शेजारी लिहा. बऱ्याचदा लेन्स चुकतं आणि आजी बरोबर असते. आणि फोननं सांगितलं म्हणून कुठलंही पान, फळ, अळंबी तोंडात घालायची नाही हे पहिल्या दिवशीच दरडावून सांगा.

सहावी-सातवीला: फोन म्हणजे मोजपट्टी

फोनमध्ये वेग, कंप, आवाज, चुंबक मोजणारे सेन्सर असतात. जर्मनीतल्या आखेन विद्यापीठानं २०१६ मध्ये फायफॉक्स नावाचं ॲप काढलं, फुकट आहे, जाहिराती नाहीत, नेट लागत नाही. त्यातला एक प्रयोग सांगते, आमच्या सातवीनं मैदानात केला तो, आवाजाचा वेग मोजण्याचा.

दोन फोन लागतात, दोन्हीत ॲप. त्यात आवाजावर चालणारं स्टॉपवॉच आहे, मोठा आवाज झाला की सुरू, दुसरा मोठा आवाज झाला की बंद. मैदानात टेपनं बरोबर १० मीटर मोजा, दोन्ही टोकांना एकेक मूल, प्रत्येकाच्या पायाशी एक फोन, हातात ताट आणि पळी. दोन्ही फोन तयार ठेवा, सगळ्यांना गप्प करा (हेच सगळ्यात अवघड आहे). पहिलं मूल ताट वाजवतं. त्याचा फोन लगेच सुरू होतो, लांबचा फोन आवाज पोचल्यावर म्हणजे जरा उशिरा सुरू होतो. दोन-तीन सेकंदांनी दुसरं मूल वाजवतं, आता त्याचा फोन लगेच थांबतो आणि पहिल्याचा उशिरा थांबतो. म्हणजे पहिल्या फोनवरची वेळ दुसऱ्यापेक्षा थोडी जास्त येते आणि तो फरक म्हणजे आवाजाला जाऊन-येऊन २० मीटर लागलेला वेळ. फरक साधारण ०.०५८ सेकंद यायला पाहिजे, २० भागिले ०.०५८ केलं की ३४५ च्या आसपास, म्हणजे सेकंदाला ३४५ मीटर. आमचं पहिल्यांदा पाचशेच्या वर आलं. मुलं खट्टू झाली. मग लक्षात आलं की वारा आणि शेजारच्या वर्गाचा गलका यानं स्टॉपवॉच आधीच सुरू होत होतं, आवाजाची मर्यादा सेटिंगमध्ये वाढवली, पाच वेळा करून सरासरी काढली, ३५२ आलं. पुस्तकातला आकडा ताट-पळी घेऊन निघाला म्हणून पोरं मैदानभर नाचली, आणि सरासरी का काढायची हे कायमचं कळलं.

प्रयोग करता येत नाहीत तिथं फेट आहे, म्हणजे स्क्रीनवर करायचे प्रयोग (सिम्युलेशन), अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचं, कार्ल वीमन या नोबेल मिळालेल्या शास्त्रज्ञानं २००२ मध्ये सुरू केलेलं. बल्ब, बॅटरी, वायर जोडून विजेचं सर्किट बनवता येतं, बरीच सिम्युलेशन मराठीत आहेत. पण खरी बॅटरी आणि बल्ब मिळत असेल तर आधी ते द्या, नंतर फेट.

एक फोन आणि पंचवीस मुलं

मोठा टीव्ही असेल तर उत्तम, नसेल तर अडून बसू नका. सगळ्यांना एकदम दाखवायचा प्रयत्न केला की मागच्यांना काही दिसत नाही आणि पुढची उभी राहतात. त्यापेक्षा पाच-पाचचे गट करा, एक गट फोनवर, बाकी गट दुसऱ्या कामावर, बारा-पंधरा मिनिटांनी बदल. गटात फोन सगळ्यात गप्प मुलाच्या हातात द्या, हुशार पोरं तशी पण बोलतातच. आवाज कमी पडला तर फोन स्टीलच्या मोठ्या पेल्यात किंवा रिकाम्या तांब्यात उभा ठेवा, स्पीकरची बाजू खाली, आवाज चांगला वाढतो.

घरचा फोन

हा भाग मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो. आमच्या भागातले कितीतरी बाप मुंबईत, वाशीच्या मार्केटला माथाडीत. घरातला स्मार्टफोन बापाबरोबर मुंबईला, आईकडं बटणाचा फोन. कोरोनात "शाळा बंद, पण शिक्षण आहे" म्हणत आपण अभ्यास पाठवत होतो तेव्हा निम्म्या वर्गाचा अभ्यास वाशीच्या खोलीवर पोचायचा आणि मूल इथं डोंगरात. म्हणून जूनमध्येच एक तक्ता करा, कुणाच्या घरी कोणता फोन, तो किती वाजता घरी असतो, शेजारी कुणाचा वापरता येईल. फोन नसलेलं एकही मूल फोनवरच्या अभ्यासामुळं मागं पडणार नाही अशीच आखणी पाहिजे, जो अभ्यास फोनशिवाय होऊच शकत नाही तो द्यायचाच नाही.

पालकांच्या ग्रुपवर दिवसाला एकच मेसेज, संध्याकाळी सातच्या आत, आणि शक्यतो बोलून. बऱ्याच आया लिहिलेलं वाचत नाहीत पण ऐकतात. "आज मुलाला घरातल्या पाच वस्तू मोजायला सांगा" एवढंच, अर्ध्या मिनिटात. गुड मॉर्निंग, वाढदिवस, राजकारण यासाठी ग्रुप बंद ठेवा, सेटिंगमध्ये फक्त ॲडमिननं पाठवायचं असं करता येतं. मुलांचे मार्क ग्रुपवर टाकू नका. कमी मार्क पडलेल्या मुलाच्या आईला त्या दिवशी काय वाटतं ते मी एका आईच्या तोंडून ऐकलंय आणि तेव्हापासून मी ते बंद केलं.

आणि उलटं पण करा, मुलांचं पाठवा. महिन्याचं वाचन मुलाच्या वडिलांना वैयक्तिक पाठवायचं. एका बापानं ते दुपारच्या सुट्टीत गाळ्यावर मित्रांना ऐकवलं आणि संध्याकाळी मला फोन केला, "मॅडम, ती कविता मला पण येत होती." पुढच्या महिन्यात त्यानं स्वतः ती म्हणून पाठवली, मी वर्गात लावली, त्याची मुलगी आठवडाभर ताठ मानेनं फिरत होती.

मोठ्या मुलांच्या पालकांशी मात्र थोडं स्पष्ट बोला. असर या प्रथम संस्थेच्या शिक्षण पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या ८२ टक्क्यांहून जास्त मुलांना स्मार्टफोन चालवता येतो असं आहे, पण आदल्या आठवड्यात अभ्यासाला वापरला म्हणणारी ५७ टक्के आणि सोशल मीडियाला ७६ टक्के. चालवायला शिकवायची गरज नाहीच, अभ्यासाचं काम हातात द्यायची गरज आहे. फोन झोपायच्या खोलीत नको आणि जेवताना नको, एवढे दोन नियम घरात पाळले तरी खूप.

मुलांचे फोटो आणि रेकॉर्डिंग

फाईलला पूर्ण नाव देऊ नका म्हटलं होतं ते याचसाठी की फोन हरवतो, कुणाच्या तरी हातात पडतो. मुलांचा चेहरा, नाव आणि गाव एका ठिकाणी बाहेर जाऊ द्यायचं नाही. स्वतःच्या स्टेटसला, चॅनेलवर मुलांचे व्हिडिओ टाकू नका, लाइक मिळतात पण ते मूल आपलं नाही, लोकांनी विश्वासानं सोपवलेलं आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतल्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते असं आहेच, पण कायदा नसता तरी विचारायलाच हवं होतं. जूनमधल्या पालकसभेत कागदावर सह्या घ्या आणि कशासाठी रेकॉर्ड करतो ते एक रेकॉर्डिंग ऐकवून समजावून सांगा. नाही म्हणणारे पालक असतील तर त्यांच्या मुलाचं लगेच ऐकवून लगेच पुसून टाका, शिकणं तेवढंच होतं. आणि मुलाला स्वतःला पण विचारा. "ठेवू का पुसू?" हा प्रश्न पहिलीतल्या मुलाला पण कळतो.

वर्ष संपताना, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, प्रत्येकाचं जूनचं आणि एप्रिलचं वाचन पालकांना द्या. स्मार्टफोन असेल तर ब्लूटूथनं, नेट जात नाही. बटणाचा फोन असेल तर त्यात पण मेमरी कार्ड बसतं, बरेच जण त्यात अभंग-गाणी भरून घेतात, त्यात टाकून द्या. फक्त रेकॉर्डरची फाईल बटणाच्या फोनवर बऱ्याचदा वाजत नाही, आधी तिची एमपीथ्री करा, फुकट ॲपनं एका मिनिटात होते, आणि देताना तिथंच वाजवून बघा. मग शाळेच्या फोनमधून सगळं पुसा, कार्ड रिकामं करा, चार्ज अर्ध्यावर ठेवून फोन बंद करा आणि कपाटात ठेवा, पूर्ण उतरलेली बॅटरी महिना-दीड महिना तशीच राहिली तर जूनमध्ये फोन चालूच होत नाही.